निळ्या झाकणाची नळी

३ मार्च
प्रयोगशाळा, जेवणाची सुट्टी

बारक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. अकरा वर्षांत मी तुला एकही पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा हे फाडून टाकण्याआधी निदान वाचायला हरकत नाही.

चोवीस तारखेला तुझी पोटातली पानथरी, प्लीहा म्हणतात ती, काढणार आहेत, हे मला आईकडून कळलं आणि आईला तुझ्या बायकोकडून. मास्तरीणबाई महिन्यातून दोनदा आईला फोन करते. तुला हे ठाऊक नसेल तर आता कळलं, तिच्यावर डाफरू नकोस. कंपनीच्या तपासणीत तुझ्या प्लेटलेट चौदा हजार निघाल्या, तुला क्रेनवरून खाली उतरवलं, दोन औषधं देऊन झाली, उपयोग नाही, म्हणून आता ऑपरेशन, प्लेटलेट पानथरीतच मोडीत निघतात असं समजून. एवढं सगळं मला कळलंय. दीड लाखाच्या खाली गेल्या की आमच्याकडे लाल शाईने लिहितात, मग चौदा हजार म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

माझं एकच मागणं आहे. ऑपरेशनच्या आधी तिथल्या लोकांना सांग, की रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत न घेता निळ्या झाकणाच्या नळीत घ्या आणि पुन्हा मोजा. सुई तीच, हात तोच, फक्त झाकण वेगळं. पाच मिनिटांचंही काम नाही.

का, ते सांगते. रक्त गोठू नये म्हणून जांभळ्या झाकणाच्या नळीत एक औषध असतं. काही थोड्या माणसांच्या प्लेटलेट त्या औषधात पडल्या की एकमेकींना चिकटतात आणि त्यांचे गुच्छ होतात. यंत्र आकार बघून मोजतं. एवढा मोठा गुच्छ म्हणजे प्लेटलेट असेल हे त्याच्या गावीही नसतं, ते त्याला वगळून पुढे जातं. अंगात सगळं जागच्या जागी असतं, गोंधळ फक्त नळीत. निळ्या झाकणाच्या नळीत औषध वेगळं असतं. हे मी परवा एका मासिकात वाचलं आणि तुझी आठवण झाली. बाकी काही नाही.

तू नऊ वर्षांचा होतास आणि मी या कामाला नुकती लागले होते, तेव्हा तुझ्या चित्रकलेच्या वहीत मी पेशी काढून दाखवायचे. तांबड्या पेशी म्हणजे हमाल. प्राणवायूचं ओझं जास्त मावावं म्हणून त्यांनी आपलं केंद्रकच बाहेर टाकून दिलेलं. तू म्हणालास, "म्हणजे डोकं घरी ठेवून कामावर जातात!" मग पांढऱ्या. न्यूट्रोफिल संख्येने सगळ्यांत जास्त, जंतू शिरला की पहिल्यांदा धावणार आणि तिथेच मरणार. जखमेतला पू म्हणजे त्यांचीच प्रेतं, हे ऐकून तू ताटावरून उठला होतास. मोनोसाइट म्हणजे आई, सगळ्यांच्या मागून येऊन उष्टं-खरकटं गिळून साफ करणारी. नारिंगी दाण्यांची इओसिनोफिल जंतांवर तुटून पडते आणि ॲलर्जीत थयथयाट करते, म्हणून ती मावशी, कारण धुळीचं नुसतं नाव काढलं तरी तिला शिंका यायच्या. बेसोफिल म्हणजे बाबा. शंभरात जेमतेम एखादा दिसणार, पण बिनसलं की सगळं अंग सुजवणार. लिम्फोसाइट मी होते: शत्रूचा चेहरा एकदा बघितला की वर्षानुवर्षं डूख धरणारी. ती जागा आता तू घेतलीस.

आणि प्लेटलेट तू. धड पेशीसुद्धा नाही, हाडाच्या मज्जेतल्या एका अगडबंब पेशीचा गळून पडलेला तुकडा. पण अंगातली रक्ताची नळी कुठे फुटली की हेच तुकडे धावत जाऊन, एकमेकांना धरून भोक बुजवतात. "सगळ्यांत बारका, तोच कामाचा," असं मी म्हटलं आणि त्या दिवसापासून तू बारक्या झालास.

पानथरी ही काही फुकट मिळालेली पिशवी नाही, काढली आणि फेकली असं म्हणायला. थकलेल्या तांबड्या पेशी तिथे मोडीत निघतात, लिम्फोसाइट तिथे दबा धरून बसतात. ती नसली तर साधा वाटणारा ताप एका दिवसात माणसाला आडवा करू शकतो. तेव्हा निळं झाकण. विसरू नकोस.

ताई


१० मार्च
घर, सकाळ

बारक्या,

माझं पत्र तू उघडलं नाहीस. मास्तरणीने आईला सांगितलं की ते कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यात पडलंय. मग मी आईच्या हातून फोन हिसकावून घेतला आणि पहिल्यांदा तुझ्या बायकोशी बोलले. आवाज गोड आहे हं तिचा, पण शाळेत पोरं हिला टरकत असणार.

मी म्हटलं, "तूच सांग ना त्याला निळ्या नळीचं."

ती म्हणाली, "ताई, मी सांगून बघितलं. ते म्हणाले, ही अक्कल कुणाची? मला खोटं बोलता येत नाही. तुमचं नाव निघालं आणि ते म्हणाले, तिने सांगितलं असेल तर चोवीसच्या ऐवजी तेवीसलाच जातो."

"आणि डॉक्टरांना?"

"डॉक्टर म्हणतात, आजार अकरा वर्षांपूर्वीच ठरलेला आहे, फाइलच्या पहिल्या पानावर रिपोर्ट आहे. आता नळीचा रंग काय बघायचा?"

मी तुझ्या हॉस्पिटलातही फोन केला. तिथल्या बाईंनी माझं नाव विचारलं, काहीतरी चाळलं आणि म्हणाल्या, पेशंटने बहिणीला माहिती देऊ नका असं लिहून दिलंय. लिम्फोसाइट ती लिम्फोसाइटच.

तर आता हे पत्र पोचपावतीने पाठवतेय. सही करावी लागेल म्हणजे निदान हातात तरी येईल. आणि आधीच्या पत्रातली एक थाप दुरुस्त करते. मी मासिकात काही वाचलेलं नाही.

आमच्याकडे महिन्यापूर्वी नवीन डॉक्टरीणबाई आल्या आहेत, प्रयोगशाळेच्या प्रमुख. जाड भिंगाचा चष्मा, बोलणं मोजकं. शिकायला येणाऱ्या मुलींसाठी मी नमुन्याच्या स्लाइडची एक लाकडी पेटी ठेवलेली आहे. मलेरियाची, कावीळवाल्याची, अशी एकेक. प्रत्येक स्लाइडवर कुठे बघायचं तिथे हिऱ्याच्या पेन्सिलीने बारीक गोल काढलेला. सव्वीस फेब्रुवारीला त्या पेटी तपासायला बसल्या. सत्तावीस नंबरची स्लाइड लावली. माझ्या अक्षरात चिठ्ठी: 'प्लेटलेट अत्यंत कमी.' गोलात बघितलं. खरंच, एक प्लेटलेट नाही. मी शेजारीच उभी होते, जरा ऐटीतच.

मग त्यांनी स्लाइड सरकवली. काचेवर रक्ताचा थेंब ओढला की एका बाजूला जाड डोकं होतं, मध्ये अंग आणि शेवटी पातळ होत गेलेलं शेपूट. जे जे मोठं आणि जड, ते ओढताना शेपटात जाऊन बसतं. त्या शेपटात पोचल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, "ही स्लाइड कुणी ठेवली?"

"मी."

"शेपूट बघितलं होतंत?"

मी डोळा लावला. जांभळट दाण्यांचे गुच्छच्या गुच्छ. एकेकात तीस, चाळीस. सगळ्या प्लेटलेट तिथे होत्या.

ती स्लाइड तुझी आहे, बारक्या. जहाजाच्या नोकरीसाठी तू माझ्याकडे रक्त दिलंस, त्या दिवसाची. अकरा वर्षं मी मुलींना ती दाखवून शिकवत आले.

यंत्र चुकलं. तेव्हा यंत्र नवीन होतं, आमचा सगळ्यांचाच त्याच्यावर फार विश्वास होता. मी स्लाइड बघितली होती, दहा-बारा ठिकाणी बघितलं, पण मधल्या भागात. कुणाच्याही हातून होईल अशी गोष्ट आहे. त्यानंतर तुझे आकडे कधी वीस हजार, कधी नव्वद हजार असे वरखाली होत राहिले, कारण गुच्छ कधी जास्त होतात, कधी कमी. आणि डॉक्टरांना वाटलं, गोळ्यांनी फरक पडतोय. त्या गोळ्यांनी तुझा चेहरा कसा सुजला होता ते आईने सांगितलेलं आठवलं की मला जेवण जात नाही.

निळं झाकण. चोवीसच्या आत. पाया पडते.

ताई


१५ मार्च
(पोस्टकार्ड. क्रेन विभागाच्या पत्त्यावर)

बारक्या,

पोचपावती आली, तुझी सही आहे, आणि मास्तरीण म्हणते पाकीट डब्यात आहे. म्हणून हे कार्ड, आणि घरी नाही, तुझ्या कामावर. सुट्टीवर असलास तरी हजेरीला तिथे येतोस असं कळलं. पोस्टकार्ड फोडावं लागत नाही. पोस्टमनने वाचलं, तुमच्या कारकुनाने वाचलं, तरी चालेल.

अकरा वर्षांपूर्वी तू मला विचारलंस, "ताई, तू स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस?" मी हो म्हटलं. मी बघितलं नव्हतं. स्लाइड केली होती, पण सूक्ष्मदर्शकाखाली लावलीसुद्धा नव्हती. यंत्राचा आकडा लिहिला, सही केली आणि त्याच दुपारी जहाज कंपनीच्या डॉक्टरकडे पाठवला. तू म्हणत होतास, आठवडाभर थांब, पुन्हा कर. थांबले नाही. स्लाइडवर गोल काढला तो तीन महिन्यांनी, पेटी भरताना.

तुझ्या प्लेटलेट बहुतेक पहिल्यापासून ठीक आहेत. निळ्या झाकणाच्या नळीत मोजून घे. हे कार्ड डॉक्टरांना दाखव. खाली माझी सही, हुद्दा आणि प्रयोगशाळेचा शिक्का आहे.

ताई


२२ मार्च
गाडीत, दुपार

बारक्या,

अक्षर वेडंवाकडं आलं तर गाडीला बोल लाव. समोरच्या बाकावरच्या आजीबाई मघापासून विचारताहेत, एवढं काय लिहितेस? मी म्हटलं, हिशोब नाही, पत्र. त्यांना पटलेलं दिसत नाही.

मास्तरणीचा फोन आला होता. कार्ड आधी तुमच्या कारकुनाने वाचलं, मग फोरमनने, मग चार क्रेनवाल्यांनी, आणि सगळ्यांचं वाचून झाल्यावर तुझ्या हातात पडलं. तू म्हणे ते घेऊन तासभर धक्क्याच्या कडेला उभा होतास. मग सरळ हॉस्पिटलात गेलास, सर्जनच्या टेबलावर ते ठेवलंस आणि म्हणालास, "निळ्या नळीत घ्या." माझा जीव भांड्यात पडला. आणि काल तुझ्या बायकोने आकडा सांगितला. एकेचाळीस हजार.

एकेचाळीस! चौदापेक्षा बरे, पण एकेचाळीसच. सर्जन म्हणाले, "थोडा फरक आहे, पण कमी ते कमीच. चोवीसला सकाळी करू." मास्तरीण फोनवर विचारत होती, "ताई, आता काय?"

दोन गोष्टी असू शकतात. काही माणसांच्या प्लेटलेट निळ्या नळीतही चिकटतात. क्वचित, पण चिकटतात. किंवा मी चुकतेय. तेव्हा गुच्छ झाले असतील, पण आज तुझ्या प्लेटलेट खरोखरच घटल्या असतील, आणि मी एका डॉक्टरच्या हातातली सुरी उगाच अडवतेय. अडवल्यामुळे उद्या तुझ्या डोक्यात रक्तस्राव झाला तर? काल दिवसभर मी या दोहोंच्या मध्ये लोंबकळत होते. स्लाइड वाचायला बसले आणि शंभर पांढऱ्या पेशी मोजताना चाळिसाव्यालाच आकडा विसरले. सत्तावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नळीच नको. बोटाला टोचा, थेंब तसाच पाण्यात घ्या, चौकटीत मोजा. जुन्या पद्धतीने. तुम्हाला येतं ना अजून?" येतं म्हणजे काय! यंत्र यायच्या आधी दिवसाला तीस तीस मोजलेत. त्यांनी रजेवर सही केली, तुझ्या सर्जनशी स्वतः बोलल्या. एक संधी मिळाली आहे, उद्या सकाळी, तुझ्याच हॉस्पिटलाच्या प्रयोगशाळेत, तिथल्या माणसासमोर. माझ्या पिशवीत आता चौकटी आखलेली मोजणीची जाड काच आहे, शोषनळी आहे आणि औषधी पाण्याची बाटली आहे, तीन रुमालांत गुंडाळलेली. आजीबाईंना वाटतंय लोणचं.

पण उद्याचा आकडा काहीही येवो, त्याच्या आधी तुला एक सांगायचं आहे. कार्डावर जागा नव्हती असं म्हणणार होते. जागा होती. हिंमत नव्हती. मी शेपूट बघितलं नाही आणि अकरा वर्षांनीही शेपूटच घालत होते.

त्या दिवशी यंत्रातून कागद बाहेर आला. एकोणीस हजार. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. आई खाटेवर होती. तू जहाजावर जाणार, नऊ नऊ महिने येणार नाहीस. तुझी बॅग भरून दाराशी ठेवलेली मी रोज सकाळी बघायचे. आई, ते घर आणि मी, एवढंच पुढे दिसत होतं. आणि तो आकडा वाचून माझ्या पोटात गोळा यायला हवा होता ना, बहीण म्हणून? तो नंतर आला. त्याच्या आधी, एक क्षणभर, मला हायसं वाटलं. आता हा जाणार नाही.

म्हणून मी स्लाइड लावली नाही. घाई नव्हती, यंत्रावर विश्वासही नव्हता एवढा. दुसऱ्या कुणाचा असा आकडा आला असता तर मी स्लाइड तीनदा बघितली असती. तुझी बघितली असती आणि त्यात काही सापडलं असतं तर? ते मला नको होतं. त्या दुपारी हे सगळं मी असं शब्दांत बोलले नाही स्वतःशी. पण हात आपोआप सही करून गेला, तो कशामुळे गेला हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आणि तू तरीही गेलासच. जहाजावर नाही, पण गेलास. समुद्राच्या काठाला क्रेनवर बसून दुसऱ्यांची जहाजं भरत राहिलास. घर, आई आणि मी, ते तसंच राहिलं.

हे पाकीट मी मास्तरणीच्या हातात देईन. फोडायचं की डब्यात टाकायचं, तुझं तू ठरव.

ताई


२६ मार्च
घर

बारक्या,

तू तिथेच होतास, तेव्हा तुला काय वेगळं सांगायचं! पण तू भिंतीकडे तोंड करून बसला होतास, म्हणून तुझ्या पाठीमागे काय झालं ते लिहिते.

अकरा वर्षांनी तुला बघितलं आणि तू माझ्याकडे न बघता नुसता डावा हात मागे केलास. कपाळावरचे केस गेलेत तुझे. बाबांसारखे, वरून. बोट घट्ट झालंय, क्रेनचा दांडा धरून धरून घट्टे पडलेत. दोनदा टोचावं लागलं. पहिला थेंब पुसायचा असतो. दुसरा मी शोषनळीत घेतला, खुणेपर्यंत, वर पाणी ओढलं आणि हलवलं. त्या पाण्यात तांबड्या पेशी विरघळून जातात आणि उरतं ते मोजायचं. काच भरली, ओल्या कापसाजवळ झाकून ठेवली. आता वीस मिनिटं. प्लेटलेट खाली बसायला वेळ लागतो, घाई केली तर त्या तरंगतच राहतात.

तिथला तंत्रज्ञ, बिचारा भला माणूस, एकदा म्हणाला, "ही पद्धत आम्ही फक्त परीक्षेपुरती शिकलो." मास्तरीण घड्याळाकडे बघत होती आणि मी मास्तरणीकडे. सर्जन दोनदा दारातून डोकावून गेले. माझ्या मनात एकच चाललं होतं: आज जर चौकट रिकामी निघाली, तर मी या माणसाला अकरा वर्षांत दुसऱ्यांदा फसवलं असेल.

मग मी डोळा लावला.

आधी काहीच दिसेना. स्क्रू फिरवताना मी थरच चुकवला. पुन्हा फिरवलं. आणि पहिल्या चौकटीत चमकणारे बारीक कण, एकेकटे, सुटे सुटे, पहाटे काचेवर दव असतं तसे. एक, दोन, पाच, अकरा. मी मोजत गेले. पहिल्या चौकटीत चव्वेचाळीस, दुसरीत एकेचाळीस. तशाच पाचही चौकटी मोजल्या. पाचांची बेरीज दोनशे चौदा. त्यावर तीन शून्यं लावायची. दोन लाख चौदा हजार.

मी आकडा बोलले नाही. त्यांच्या तंत्रज्ञाला उठून जागा दिली. त्याने मोजले, दोनशे आठ. सर्जननी पुन्हा नव्याने टोचायला लावलं, पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा दोनशेच्या वर. त्या माणसाचं मला कौतुक वाटलं. त्यांनी चष्मा काढला, फाइल उघडली, पहिलं पान, म्हणजे माझं पान, काढून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "उद्याचं ऑपरेशन नाही."

मास्तरीण रडायला लागली. तू उठलास. मला वाटलं, निघालास. पण तू सूक्ष्मदर्शकाशी आलास, वाकलास आणि डोळा लावलास. नऊ वर्षांचा असताना स्टुलावर चढून लावायचास, तसाच, दुसरा डोळा हाताने झाकून.

"चमकताहेत ते?"

"हो, तेच."

"एवढे?"

"एवढे."

मग मान वर न करता विचारलंस, "तेव्हाही?"

मी हो म्हटलं. "तेव्हाही."

तू सरळ झालास, बाहीची घडी खाली केलीस आणि बाहेर गेलास. मी थांबले नाही, संध्याकाळच्या गाडीने परत आले. पाकीट मास्तरणीकडे दिलं होतं, ते तिने तुला दिलं की नाही विचारलं नाही.

सोबत ती स्लाइड पाठवतेय, कापसात गुंडाळून. ती पेटीत ठेवण्याचा मला हक्क नाही. गोल पुसता येत नाही, तो काचेतच कोरला गेलाय. डॉक्टरीणबाईंना मी सगळं लिहून दिलंय. माझ्या सहीने गेलेले असे कमी आकड्यांचे सगळे जुने रिपोर्ट आम्ही काढतोय, त्या माणसांना बोलावून पुन्हा मोजणार आहोत. यातून माझं काय व्हायचं ते होईल.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते ओझं आता तुझ्यावर नको.

ताई


१९ एप्रिल

ताई,

स्लाइड मिळाली. फुटली नाही. आमच्या शेडमधल्या एकाची मुलगी कॉलेजात शिकते, तिच्या कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली लावून शेपूट बघून आलो. दिसलं.

मला फिट लिहून दिलंय. सोमवारपासून परत क्रेनवर. फाइलवर आता मोठ्या अक्षरात लिहिलंय की याचं रक्त जांभळ्या नळीत मोजू नये. फोरमन मला 'निळं झाकण' म्हणायला लागलाय. तुझ्या पोस्टकार्डाची कृपा.

तुझी आधीची तिन्ही पाकिटंही फोडली. आधी गाडीतलं, मग डब्यातली दोन. गाडीतलं दोनदा वाचलं. मास्तरीण म्हणते, आता माफ करून टाका. मी म्हटलं, बघू.

खरं सांगतो. अकरा वर्षं मी तुझ्यावर रागावलो होतो, कारण तू रिपोर्ट आठवडाभर दाबून ठेवला नाहीस. मनातल्या मनात मला माहीत होतं की तू बरोबर आहेस, नियमाने वागलीस, आजारी माणसाने बोटीवर जाऊ नये. म्हणून राग धड करताही येत नव्हता आणि सोडताही येत नव्हता. आता कळलं की राग चुकीच्या गोष्टीवर धरला होता. बरोबर गोष्टीवर रागवायला मी आत्ता कुठे सुरुवात केलीय. त्याला थोडे दिवस लागतील. ते मला दे.

आईला सांग, मास्तरीण शाळेला सुट्टी लागली की तिला भेटायला येणार आहे. एकटी. मी सोडायला स्टेशनपर्यंत येईन.

तू लिहीत राहा. मी उत्तर देईनच असं नाही. पण कार्ड नको पाठवूस, सगळी शेड वाचते. पाकिटात पाठव. फोडेन.

बारक्या